नवी गाडी, जुने टर्बो इंजिन : मिस्त्रीने काम घ्यावे काय?

मालेगावहून आमच्या एका वाचकांचे पत्र आले आहे. आग्रा महामार्गालगत त्यांचे डिझेल गाड्यांचे गॅरेज आहे. वडिलांच्या वेळेपासूनचे, हाताखाली चार मुले काम शिकतात. भाजीपाल्याची वाहतूक करणाऱ्या एका गिऱ्हाइकाची पिकअप गाडी त्यांच्या दारात उभी आहे. गाडी 2021 ची, म्हणजे बीएस-6. मीटरवर पिवळा दिवा लागतो, गाडी चढावर दम सोडते, कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली की बिल हजारांत होते आणि महिन्याभरात दिवा पुन्हा पेटतो. मालक कंटाळला आहे. त्याने मोबाईलवर अमेरिकेतील एक चित्रफीत दाखविली. नव्या गाडीतील इंजिन काढून तिथे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे टर्बो डिझेल बसविले होते आणि गाडी दणक्यात धावत होती. "असेच करून द्या, दोन लाख मोजतो," असे तो म्हणतो. साध्या पंपावर चालणारे जुने टर्बो इंजिन कुर्ल्याच्या बाजारात मिळू शकते. आमचे वाचक विचारतात, काम घ्यावे काय?

प्रश्न एकाच गॅरेजचा नाही, म्हणून पत्रोत्तरात चार ओळी लिहून भागविण्याऐवजी आम्ही हा विषय पानावर घेतला. भिवंडीतील दोन जुन्या मिस्त्रींकडे बसून आम्ही तो समजून घेतला. कल्पना ज्या अमेरिकेतून आली, तिथला हा धंदा कसा उभा राहिला हे आधी पाहू. चित्रफितीत गाडी धावताना दिसते. ती धावण्याआधी काय झाले आणि नंतर काय होते, ते दिसत नाही.

अमेरिकेत फोर्ड कंपनीचे मोठे पिकअप ट्रक शेतकरी, ठेकेदार, घोड्यांची आणि होड्यांची ट्रेलर ओढणारे असे सारेच वापरतात. 2003 सालच्या मॉडेलपासून त्यांत 6.0 लिटरचे नवे व्ही-8 टर्बो डिझेल आले. ते नॅव्हिस्टार कंपनी बनवीत असे. कागदावर इंजिन जोरदार होते, 325 हॉर्सपॉवर. पण त्याचा ऑइल कूलर दोन्ही हेडांच्या मधल्या खाचेत बसविलेला होता आणि तो गाळाने तुंबत असे. तो तुंबला की पुढच्या ईजीआर कूलरला पाणी पुरेसे मिळत नसे, तो तापून फुटे आणि पाणी सिलिंडरात जाई. त्यात भर म्हणजे आधीच्या 7.3 लिटर इंजिनात प्रत्येक सिलिंडरभोवती हेडचे सहा बोल्ट होते, या नव्यात चारच ठेवले होते. दाब वाढला की हेड उचलले जाऊन गास्केट जाई. आणि ते बदलायचे तर हात घालायला जागा नाही, म्हणून कित्येक वर्कशॉपांत गाडीची पूर्ण केबिनच चेसिसवरून उचलून घेत. हे ऐकून भिवंडीचे मिस्त्री हसले. "गास्केटसाठी घराचे छप्पर काढायचे!" असे ते म्हणाले. वॉरंटीच्या खर्चावरून फोर्ड आणि नॅव्हिस्टार यांचे भांडण कोर्टापर्यंत गेले आणि जानेवारी 2009 मध्ये तडजोड झाली. 2011 च्या मॉडेलपासून फोर्डने स्वतःचे डिझेल इंजिन आणले.

मधल्या काळात विकल्या गेलेल्या गाड्यांचे काय? चेसिस भक्कम, बॉडी चांगली, गिअरबॉक्स ठीक आणि इंजिनावर मालकाचा विश्वास उडालेला. दुसरीकडे भंगारबाजारात डॉज कंपनीचे जुने पिकअप पडलेले. त्यांचे पत्रे गंजले, दरवाजे लोंबू लागले, पण आतले कमिन्स इंजिन सुस्थितीत. हे इंजिन त्यातून काढून फोर्डमध्ये बसविण्याचा धंदा येथूनच जोर धरू लागला. तिकडच्या लोकांनी फोर्ड आणि कमिन्स एकत्र करून त्याला 'फमिन्स' असे नावही पाडले.

हे कमिन्स इंजिन आमच्या वाचकांना परके नाही. 5.9 लिटर, सहा सिलिंडर एका ओळीत, बोअर 102 आणि स्ट्रोक 120 मिलिमीटर. कंपनीचे नाव 6बीटी. टाटा आणि कमिन्स यांनी 1993 मध्ये भागीदारीत कंपनी काढली, जमशेदपूरला याच घराण्याची इंजिने बनू लागली आणि टाटाच्या ट्रकांत बसली. आपल्या महामार्गावरील कोणत्याही जाणत्या मिस्त्रीने हे इंजिन उघडलेले असते. कमिन्सचे नाते महाराष्ट्राशी त्याहून जुने आहे. पुण्याच्या कोथरूडला किर्लोस्कर कमिन्सची स्थापना 1962 ची, आणि पुढे सातारा जिल्ह्यात फलटणला मोठा कारखाना झाला.

अमेरिकेत हे इंजिन डॉजच्या पिकअपमध्ये 1989 च्या मॉडेलपासून आले. सुरुवातीला फक्त 160 हॉर्सपॉवर, म्हणजे ज्या फोर्डमध्ये ते पुढे बसवू लागले तिच्या मूळ इंजिनाच्या निम्मीच ताकद. तरीही लोक त्याच्या मागे का लागले? कारण ते ट्रक-ट्रॅक्टरच्या कामासाठी घडविलेले इंजिन आहे. खालच्या फेऱ्यांवर, 1,700 आरपीएमच्या आसपासच त्याचा ओढीचा जोर पुरा मिळतो. टायमिंगला पट्टा नाही की साखळी नाही, सरळ दातेरी चाके. प्रत्येक सिलिंडरला दोनच वॉल्व्ह, म्हणजे एकूण बारा, म्हणून तिकडे त्याला 'ट्वेल्व्ह वॉल्व्ह' म्हणतात. ब्लॉकमध्ये वेगळे लायनर नाहीत, ब्लॉकच बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन टाकता येतात. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पंप बॉशचा, पूर्णपणे यांत्रिक. इंधन उघडे ठेवणाऱ्या सोलेनॉइडची एक वायर सोडली तर सुरू झाल्यावर या इंजिनाला चालायला वीज लागत नाही. 1998 च्या मध्यावर कमिन्सनेही चोवीस वॉल्व्ह आणि इलेक्ट्रॉनिक पंप आणला, म्हणून जुन्या बारा वॉल्व्हला आजही जास्त मागणी असते.

ते अगदी निर्दोष आहे असे मात्र नाही. टायमिंग केस जागेवर धरणारी एक छोटी डॉवेल पिन त्यात आहे. वर्षानुवर्षांच्या थरथरीने ती सैल होऊन बाहेर येते आणि फिरत्या दातेरी चाकांत पडली तर होत्याचे नव्हते करते. उपाय अगदी साधा आहे. जवळच्या बोल्टखाली पत्र्याची एक पट्टी लावून पिनचे तोंड अडवायचे. जुने इंजिन घेणारा शहाणा माणूस ते बसविण्याआधी पुढचे कव्हर उघडून ही पट्टी लावतोच. तोंडाने 'चालू इंजिन' म्हणून विकलेले इंजिन न उघडता बसवू नये, हा धडा तिकडे जितका खरा तितकाच कुर्ल्यात.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. लोखंडाचे काम अवघड असले तरी मिस्त्रीच्या आवाक्यातले असते. कमिन्सचे मागचे तोंड आणि फोर्डच्या गिअरबॉक्सचे बेल हाऊसिंग जुळत नाही, म्हणून मध्ये जाड ॲडॅप्टर प्लेट लागते. ती कशीबशी कापून चालत नाही. क्रँकची मध्यरेषा आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टची मध्यरेषा केसभर जरी चुकली तरी क्लच, बेअरिंग आणि शेवटी गिअरबॉक्स खाऊन टाकते. व्ही-8 आखूड आणि रुंद, तर सहा सिलिंडरचे सरळ इंजिन लांब. रेडिएटरचा पंखा पुढे अडतो, खालून ऑइल चेंबर पुढच्या ॲक्सलला लागू पाहते, फाउंडेशन नवी करावी लागतात. इंजिनाचे वजन सुमारे 500 किलो, तेव्हा फाउंडेशन म्हणजे पत्र्याचे वेल्डिंग नव्हे. एवढे करूनही ब्रेककडे पाहायचे राहतेच. फोर्डच्या या ट्रकांत ब्रेकला मदतीचा दाब पॉवर स्टिअरिंगच्या पंपातून मिळतो. नव्या इंजिनावरचा पंप त्याला पुरा पडला नाही तर गाडी चालेल, पण उतारावर थांबणार नाही. चित्रफितीत हे कोण दाखवितो?

फेऱ्यांचा हिशेबही बदलतो. फोर्डचे मूळ इंजिन आपली पूर्ण ताकद 3,300 आरपीएमला देत असे. जुने कमिन्स 2,500 च्या पुढे फारसे जात नाही. गिअर आणि मागचे डिफरन्शियल पहिल्या इंजिनाच्या मापाने बनविलेले. म्हणजे इंजिन बदलले की महामार्गाच्या वेगाला ते धापा टाकते. मग डिफरन्शियलचे दात बदला, टायर बदला. एक काम दुसऱ्याला जन्म देते.

तरीही मिस्त्री खरा अडतो तो वायरींत. 2000 नंतरच्या गाडीत इंजिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, एबीएस, मीटर आणि एसी हे सारे डबे एकमेकांशी दोन वायरींवरून सतत बोलत असतात. इंजिनाचा डबा सांगतो, फेऱ्या इतक्या, पाणी इतके गरम, पाय इतका दाबला. जुन्या यांत्रिक इंजिनाला हे बोलता येत नाही. इंजिन उत्तम चालते, पण मीटरचा काटा शून्यावर. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला गिअर कधी बदलावा हे कळत नाही, त्यासाठी वेगळा कंट्रोलर घ्यावा लागतो. एसी चालू होत नाही. मग कोणी जुने सेन्सर नव्या इंजिनावर अडकवून गाडीच्या संगणकाला फसवितो, कोणी जुने मीटर काढून साधे काटे लावतो. भिवंडीचे धाकटे मिस्त्री, जे स्वतः वायरिंगचे काम करतात, म्हणाले की इंजिन बसवायला आठवडा लागेल असे मी सांगू शकतो, पण वायरिंगला किती दिवस लागतील हे सांगणारा एक तर फार मोठा उस्ताद असेल किंवा खोटे बोलत असेल.

धंद्याच्या नजरेने आम्हांला हा मुद्दा सर्वांत मोठा वाटतो. अमेरिकेत या कामासाठी ॲडॅप्टर प्लेटा, तयार फाउंडेशन आणि वायरिंगचे संच विकणारी दुकाने उभी राहिली. प्लेट विकणाऱ्याला आपला खर्च माहीत असतो. नकाशा एकदा केला की शंभर प्लेटा कापायच्या आणि नगावर नफा घ्यायचा. बसवून देणारा मात्र ठरलेल्या रकमेत न ठरलेले दिवस विकतो. लिफ्टवर एक गाडी दीड महिना अडकली की त्या दीड महिन्यात परत गेलेली सर्व्हिसची, क्लचची, ब्रेकची गिऱ्हाइके कोणत्याच वहीत लिहिली जात नाहीत. मालेगावच्या आमच्या वाचकांच्या दारात दोनच गाड्यांची जागा आहे, असे त्यांच्याच पत्रात आहे. आणि त्यांच्या गाडीसाठी तयार प्लेट किंवा तयार वायरिंग आपल्या बाजारात मिळणार नाही. सारे पहिल्यांदा, आपल्या खर्चाने, गिऱ्हाइकाच्या गाडीवर शिकावे लागेल.

कायद्याचे काय? अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने इंजिन बदलण्याविषयीचे आपले धोरण 1991 मध्येच लेखी सांगितले. मोटारी आणि हलक्या गाड्यांत बसविलेले इंजिन गाडीच्या सालाचे किंवा त्याहून नव्या सालाच्या प्रमाणित नमुन्याचे असले पाहिजे, आणि अवजड गाडीचे इंजिन हलक्या गाडीत कधीच बसविता येणार नाही. कॅलिफोर्निया राज्याचा नियमही तसाच आहे, इंजिन गाडीपेक्षा जुने चालत नाही. मोठ्या पिकअपांचे वर्गीकरण वेगळे पडते आणि अनेक भागांत डिझेल गाड्यांची धूर-तपासणीच होत नाही, म्हणून 'फमिन्स' गाड्या तिकडे रस्त्यावर दिसतात. गाडी धावते एवढ्यावरून ती सर्वत्र कायदेशीर आहे असे ठरत नाही. शिवाय 160 हॉर्सपॉवरवर समाधान न मानता लोक पंपाची सेटिंग वाढवून जास्त डिझेल सोडतात आणि मागून काळ्या धुराचे लोट काढतात. धूर कमी करण्याची यंत्रणा असलेली गाडी घेऊन तिला तिच्याहून जुन्या काळात नेणे, असा हा उलटा प्रवास आहे.

आपल्याकडे कायदा याहून सरळ आणि याहून कडक आहे. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52 : कारखानदाराने दिलेला आणि आरसी पुस्तकात नोंदलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशा इंधनबदलाला मान्यताप्राप्त किट लावण्याची सवलत आहे. जुने डिझेल इंजिन त्या सवलतीत बसत नाही. केरळमधील एका प्रकरणात 9 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले की कारखानदाराचा मूळ तपशील बदलणारा फेरफार चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182-अ आले. त्यात नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली.

मालकाला पाच हजार, हे वाचून पुष्कळ मिस्त्री निर्धास्त होतात. दंड मालकाचा, आपले काय जाते? येथेच मोठा घोटाळा आहे. त्याच कलमात उत्पादक, आयातदार किंवा 'डीलर' याने बांधणी, धूर वगैरेंविषयीच्या नियमांविरुद्ध गाडीत बदल केला तर गाडीमागे एक लाख रुपये दंड, किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही असे लिहिले आहे. आणि डीलर म्हणजे केवळ शोरूमवाला नव्हे. कायद्याच्या कलम 2 मधील व्याख्येत वाहनदुरुस्तीचा व्यवसाय करणाराही डीलरच धरलेला आहे. बीएस-6 गाडीत बीएस-2 च्या काळातले इंजिन बसविणे हे धुराच्या नियमांविरुद्ध आहे, यात शंकेला जागा नाही. दोन लाखांच्या कामात एक लाखाचा दंड आणि तुरुंगाची टांगती तलवार मिस्त्रीच्या डोक्यावर, ही गोष्ट आमच्या वाचकांना ठाऊक नव्हती. खरे सांगायचे तर भिवंडीच्या दोघांनाही नव्हती.

विम्याचेही तसेच. अपघात झाला आणि सर्व्हेअरने बॉनेट उघडून इंजिन नंबर आरसीशी ताडून पाहिला, तर दाव्याचे काय होईल हे वेगळे सांगायला नको. आणि कुर्ल्याहून आलेल्या इंजिनाला पक्के बिल नसेल, त्यावरचा नंबर घासलेला असेल, तर प्रश्न आरटीओचा राहत नाही, पोलिसांचा होतो.

मात्र इंजिन बदलणेच बेकायदा आहे असा समज कोणी करून घेऊ नये. मूळचे इंजिन निकामी झाले तर त्याच कंपनीचे, त्याच प्रकारचे दुसरे इंजिन पक्क्या बिलावर घेऊन, आरटीओची मंजुरी काढून बसविता येते आणि नवा नंबर आरसीवर चढतो. आमच्या ओळखीची काही गॅरेजे हे काम नियमाने करतात. फरक इतकाच की त्यात चित्रफीत काढण्याजोगे काही नसते.

हा मजकूर लिहिण्यापूर्वी आम्ही मालेगावला फोन केला, तेव्हा पत्रात नसलेली एक गोष्ट कळली. आमच्या वाचकांनी पंचवीस हजार रुपये आगाऊ घेतले होते आणि त्यातील पाच हजार देऊन कुर्ल्यात एक इंजिन राखूनही ठेवले होते. आम्ही वरील सारे त्यांना सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पैसे तर अमानत आहेत, परत करीन. पण गिऱ्हाईक जाईल, आणि चौकात सांगेल की चाचांना काम जमत नाही."

आम्ही त्यांना भिवंडीच्या धाकट्या मिस्त्रींचा नंबर दिला. त्यांनी फोनवरच चार प्रश्न विचारले. गाडी रोज किती चालते? मार्केट ते दुकाने, दिवसभर आठ-दहा किलोमीटरच्या फेऱ्या, असे उत्तर आले. तेव्हा ते म्हणाले की धूर गाळणारी जाळी साफ व्हायला इंजिन काही काळ सलग, गरम चालावे लागते. भाजीच्या फेऱ्यांत ते कधी होतच नसेल, जाळी भरत जाते आणि दिवा पेटतो. आधी स्कॅनर लावून जाळीचा दाब पाहा, महामार्गावर अर्धा-पाऊण तास सलग चालवा, आणि चेसिसला घासून गेलेली वायर कुठे आहे का ते हाताने तपासा.

गेल्या आठवड्यात पुन्हा बोलणे झाले. वायर सापडली, सायलेन्सरजवळच्या क्लिपपाशी घासून तांबे उघडे पडले होते. जाळी साफ करून घेतली. स्कॅनर नाशिकच्या एका ओळखीच्या मिस्त्रींकडून मागून आणला होता, आता स्वतःचा घेण्याचा विचार चालू आहे. तीन आठवडे झाले, दिवा लागलेला नाही. मजुरीचे चार हजार वळते करून आगाऊ घेतलेली बाकी रक्कम परत केली. गाडीमालक खूश आहे असे म्हणवत नाही, त्याला अजूनही जुन्या टर्बोचा आवाज हवा आहे. कुर्ल्याच्या व्यापाऱ्याकडे अडकलेले पाच हजार मात्र अद्याप परत मिळालेले नाहीत.